नाथाजीच्या सदऱ्याची बाही

१९७५ साल. जानेवारी महिना. आणीबाणी लागायला अजून पाच महिने होते. त्या वर्षी संक्रांत आणि मोहरम एकाच आठवड्यात आले, म्हणून मला ते दिवस पक्के आठवतात. आमच्या गल्लीत मोहरमचे पंजे बसले होते, शेजारच्या बायका तिळगूळ देऊन जात होत्या, आणि माझ्या शिलाई मशीनवर एका क्रिकेट खेळणाऱ्या मुलाचे दोन पांढरे सदरे होते.

आम्ही तेव्हा साताऱ्यात राहत होतो. माझे मालक नियाज मास्तर हायस्कुलात चित्रकला शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी क्रिकेटच्या सामन्यांना पंच म्हणून उभे राहायचे. त्यासाठी त्यांनी परीक्षा दिली होती. पांढरा कोट मीच शिवला होता. नजरेचा त्यांना फार अभिमान. भिंतीवरची चौकट सुतभर तिरकी असली तरी ते उठून सरळ करायचे, मग घर कुणाचंही असो.

मला क्रिकेट कळत नव्हतं, पण त्यातला एक कायदा त्यांनी मला चांगला समजावून दिला होता. सुताराची घडीची फूटपट्टी घेऊन ते अंगणात उभे राहिले.

"हे बघ, हाजरा. गोलंदाजाचा हात वाकडा असणं हा गुन्हा नाही. वाकडा असेल तर वाकडाच राहू दे. पण चेंडू सुटायच्या अगदी आधी तो असा," त्यांनी पट्टी खटकन सरळ केली, "असा उघडला, की चेंडू टाकला नाही, फेकला. मग पंचाने हात आडवा करायचा आणि ओरडायचं, नो बॉल."

"आणि नीट दिसलं नाही तर?"

"न दिसलेलं सांगायचं नाही. दिसलेलं लपवायचं नाही. मग समोर तुझा भाऊ का असेना."

"माझ्या भावाला बॅट कुठल्या बाजूनं धरतात ते ठाऊक नाही," मी म्हणाले, आणि ते हसले.

हा कायदा मला पाठ होता, हे मुद्दाम लिहिते. पुढे जे झालं ते मला कायदा माहीत नव्हता म्हणून झालं नाही.

राहीबाई माझ्याकडे कितीतरी वर्षं झंपर शिवायला टाकायची. तिचं गाव साताऱ्यापासून एसटीनं तासाभरावर. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत. त्या गावात घरटी एक माणूस पलटणीत. राहीबाईचा नवरा हंबीरराव सुभेदार होऊन पेन्शनीत आला होता. त्यांना एकच मुलगा, नाथाजी. तेव्हा तेवीस वर्षांचा असेल. कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात तो हंगामी कामगार होता आणि कारखान्याच्या संघातला सगळ्यात वेगवान गोलंदाज.

संक्रांतीच्या आधी एके दुपारी ती आली. पिशवीतून पांढरं कापड काढलं आणि मापाला म्हणून नाथाजीचा जुना सदरा दिला.

मी सदरा मशीनच्या फळीवर पसरला. डावी बाही सपाट पडली. उजवी पडेना. धुवून, इस्त्री करूनही ती कोपरात वळलेली. आतल्या बाजूचं कापड चुण्या पडून पडून विरलं होतं आणि बाहेरच्या बाजूला कोपराचा गोल उमटला होता. अंगातून काढलेल्या कपड्यातही त्या माणसाचा हात राहिला होता.

"मावशी," मी विचारलं, "नाथाजीचा उजवा हात पुरता उघडत नाही का?"

तिने आधी दाराकडे पाहिलं. मग उठून दार लोटलं.

"आट वर्साचा हुता बग," ती म्हणाली. "बेंदूर हुता. ह्ये रजेवर आलेलं. बैलाची शिंगं रंगवली, झूल घातली, आनि हौसंनं पोराला वर बसीवला. कुनीतरी फटाका लावला. बैल उधळला, पोरगं खाली. दुसऱ्या दिशी ह्येंना पलटनीत हजर व्हायचं हुतं. मिरजंच्या दवाखान्यात न्यायचं तर दोन दिस मोडत्यात. मग गावातल्याच हाडवैद्यानं कांबट्या बांधल्या. हाड बसलं, पर वाकडं बसलं. जेवतो, समदं करतो. फकस्त सरळ हुत न्हाई."

"मग लपवायचं काय त्यात?"

"भरतीला गेला तवा डाक्टर म्हनला, हात सरळ कर. कुठनं करनार? नापास. ह्येंनी चावडीवर सांगितलं, एकुलता एक हाय, जमीन कोन बगनार, मीच धाडला न्हाई. चार वर्सं जाली, गाव त्येच धरून हाय. आता कराडच्या म्याचला कुनीतरी बोललं, ह्यो वाकड्या हाताचा म्हनून. गावात कुजबुज लागलीया. तू बाही अशी ढिली कर, की कोपर कुटं हाय त्येच कळू ने."

मग तिने खरी गोष्ट सांगितली. पुढच्या शनिवार-रविवारी सांगलीत सातारा विरुद्ध सांगली असा जिल्ह्यांचा सामना होता. नाथाजीची निवड झाली होती. कारखान्याच्या साहेबांनी शब्द दिला होता, की ह्या हंगामात जिल्ह्याकडून खेळून दाखव, तुला कायम करतो. दोन वर्षं तो हंगामीवरच अडकला होता. गळीत संपलं की घरी.

"तुजा मालकच पंच हाय म्हनं तितं," ती म्हणाली. "त्येला सांगायचं न्हाई. माज्या डोक्यावर हात ठिव."

मी ठेवला. मला तेव्हा शपथ घेणं सोपं वाटलं, कारण माझ्या मनात हिशेब सरळ होता. हात उघडला तर गुन्हा. ह्याचा हात उघडूच शकत नाही. मग ह्याला कुठल्याही पंचाचं भय नाही. मास्तरांना सांगण्याचं कारणच काय?

मी बाही ढिली केली. कोपराजवळ चार बोटं कापड जादा ठेवलं आणि मनगटाला कफ घट्ट, दोन काजांचा. नाथाजी सदरे न्यायला आला तेव्हा एक अंगात घालून त्याने हात वर केला. बाही फुगली.

"काकी, पाखरागत वाटतंय की," तो म्हणाला. "आता नुसती पिसं लावायची ऱ्हायली."

उंच, सावळा, लाजरा मुलगा. चहाचा कप त्याने डाव्या हाताने घेतला. दुसऱ्या सदऱ्याला काजं व्हायची होती, म्हणून एकच सदरा घेऊन तो गेला.

सांगली माझं माहेर, म्हणून मीही मास्तरांबरोबर गेले. शनिवारी साताऱ्याची फलंदाजी झाली. रविवारी दुपारी मास्तरांचा डबा घेऊन मी आणि माझी बहीण मैदानावर गेलो आणि दोरीबाहेर एका कडुनिंबाखाली बसलो. मंडपाजवळच्या खुर्चीवर हंबीरराव बसले होते. डोक्याला फेटा, अंगात कोट, छातीवर पलटणीतल्या पदकांच्या पट्ट्या, दोन्ही हात काठीवर. गावातली चार-पाच पोरंही आली होती.

नाथाजी लांबून धावत आला. पहिल्याच षटकात त्याने दोन फलंदाज बाद केले. एकाची दांडी इतकी लांब उडाली की यष्टिरक्षकाला ती आणायला धावावं लागलं. सातारकर नाचले. मग सांगलीकरांनी तोंड सुरू केलं.

"आरं, सातारवाल्यांनी फुगा आनलाय का रं?"

"फुगा न्हवं, गोफन हाय ती! बाहीत लपीवलीया!"

"न्या ह्येला आमच्या शाळवात. पाखरं तरी हानंल!"

माझी बहीण पदर तोंडाला लावून हसत होती. मीही थोडी हसले. मग सांगलीचा कप्तान, तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्याचा मुलगा, बॅट हातात घेऊन मास्तरांजवळ गेला. काय बोलला ते मास्तरांनी मला नंतर सांगितलं. "मास्तर, तुमचा मानूस हाय, त्ये समजतंय आमाला. पर बगा तरी."

मास्तर फलंदाजाच्या बाजूला, आडवे उभे होते. हात पाहायचा तो तिथूनच. दुसऱ्या षटकात ते चार पावलं पुढे गेले, मग पलीकडच्या बाजूला जाऊन पाहिलं. षटक संपल्यावर त्यांनी नाथाजीला बोलावलं.

"बाही कोपराच्या वर घे."

"न्हाई मास्तर."

"सक्ती नाही करता येत मला. पण मला नीट दिसेल, तुझंच बरं होईल."

"न्हाई मास्तर. हाय तसंच टाकतो."

त्याने खुर्चीकडे पाहिलं असेल का? मी एवढ्या लांबून सांगू शकत नाही.

त्याच्या तिसऱ्या षटकाच्या पहिल्या चेंडूला मास्तरांचा हात आडवा झाला.

"नो बॉल!"

नाथाजीने आधी स्वतःच्या पायाकडे पाहिलं, रेघ ओलांडली की काय म्हणून. मग त्याला कळलं की आवाज बाजूने आला. मैदानभर सगळ्यांना कळलं. दुसरा चेंडू. "नो बॉल!" तिसरा. "नो बॉल!"

साताऱ्याचा कप्तान धावत आला. "आवं मास्तर, आपलं पोरगं हाय!"

"आपलं आहे म्हणून तर दोन षटकं थांबलो," मास्तर म्हणाले. "त्याचा हात उघडतोय."

दुसरे पंच सांगलीचे भाऊसो. ते टोपी हातात घेऊन म्हणाले, "मला काय दिसलं न्हाई, बाबा."

मला मात्र दिसलं. नाथाजी हात मागे नेई तेव्हा जादा कापड कोपराजवळ गोळा होई. हात डोक्यावरून येताना त्यात वारा भरे, आणि चेंडू सुटायच्या क्षणी ते सगळं मनगटाकडे ताणलं जाऊन फटकन सरळ रेघ होई. एक क्षण वाकडं, दुसऱ्या क्षणी सरळ. मास्तरांनी फूटपट्टीने दाखवलं होतं, अगदी तसं. आतला हात जिथे होता तिथेच होता. उघडत होती ती मी शिवलेली बाही.

मी उठून उभी राहिले. बहीण म्हणाली, "कुठं चाललीस?" पुरुषांनी भरलेलं मैदान ओलांडून माझ्या नवऱ्याला जाऊन सांगायचं, की थांबा, तुम्ही चुकताय. तोंड उघडलं तर राहीबाईच्या डोक्यावरची शपथ मोडणार. मी खाली बसले. हे लिहायला पन्नास वर्षं गेली, तरी ते बसणं मला आवडत नाही.

नाथाजीने उरलेले चेंडू चालत येऊन हळू टाकले, चेंडू कप्तानाच्या हातात ठेवला आणि लांब दोरीजवळ जाऊन उभा राहिला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. हंबीरराव उठले. त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि ते एक शब्द बोलले असते तर खेळ थांबला असता. ते काठी टेकत एसटी स्टँडच्या दिशेने निघून गेले.

सामना सांगलीने जिंकला. परतीच्या एसटीत संघातली पोरं मागे बसली होती.

"मास्तर, सांगलीकरांनी हळद किती पोती दिली?"

"पोती न्हाई रं, अंगाला लावून धाडलंय. बग की कसं पिवळं दिसत्यात!"

मास्तर खिडकीबाहेर पाहत राहिले. कराड मागे पडल्यावर हळूच म्हणाले, "हाजरा, मी बरोबर पाहिलं ना?"

"तुम्हाला दिसलं ते तुम्ही सांगितलंत," मी म्हणाले. खोटं नव्हतं, पण उत्तरही नव्हतं.

चार दिवसांनी क्रिकेट संघटनेचं पत्र निघालं. नाथाजीची गोलंदाजी संशयास्पद आहे. दोन फेब्रुवारीला, रविवारी, साताऱ्यात तीन जणांची समिती त्याला जाळ्यात गोलंदाजी करायला लावून पाहील. बाही खांद्यापर्यंत वर घेतलेली हवी. हजर राहिला नाही तर जिल्ह्यासाठी कायमची बंदी. कारखान्याच्या साहेबांनीही कळवलं, की निकाल लागल्यावर बघू.

राहीबाई आली ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"तुज्या मालकानं माज्या लेकाचा हात तोडला."

"मावशी, आत या. ऐका. त्याने उघडा हात दाखवला की सुटलाच तो. वाकडा हात हा गुन्हाच नाही. कायदा मला माहीत आहे."

"कायदा तुला म्हाईत. गाव मला म्हाईत हाय." तिने पाय आत टाकला नाही. "उघडा हात दावायचा म्हंजे ह्येंचं बोलनं खोटं पडायचं. मानूस परवाच्याधरनं जेवला न्हाई. नाथाजी म्हनतो, मी जात न्हाई, बंदी घालू द्यात. बापाचं त्वांड काळं करून मला नोकरी नगं."

"मग मी मास्तरांना सांगते. ते काहीतरी करतील."

"बोलनार न्हाई म्हनली हुतीस." ती बोट रोखून म्हणाली. "बोललीस तर ह्या उंबऱ्याला माजा पाय लागायचा न्हाई."

ती गेली. मी मशीनवर बसून राहिले. समोर खुंटीवर नाथाजीचा दुसरा सदरा होता, न नेलेला.

त्या संध्याकाळी मास्तर शाळेतून आले तेव्हा उजेड होता. मी म्हटलं, "चहा नंतर. आधी तिथे अंगणाच्या टोकाला उभे राहा, मैदानावर राहता तसे." ते चकित झाले, पण उभे राहिले. मी आत जाऊन नाथाजीचा सदरा झंपरावरून घातला, बाहेर आले आणि गोलंदाजासारखा हात फिरवला. मला ते काय येणार? पण फिरवला.

"परत," मास्तर म्हणाले.

मी परत फिरवला. त्यांचा चेहरा पंचाचा झाला होता.

"परत."

तिसऱ्यांदा फिरवला.

"उघडला," ते म्हणाले. "तुझा हात उघडतोय. असंच, अगदी असंच होतं."

मी कफ सोडला आणि बाही वर केली. जुन्या चादरीच्या पट्टीने मी माझं कोपर आवळून बांधलं होतं, हात वाकडा ठेवून, तसूभरही उघडू नये असं. बोटं काळीनिळी पडली होती.

मास्तर जवळ आले. त्यांनी पट्टी सोडली, माझा हात चोळला. मग पायरीवर बसले.

"मी कापडाला नो बॉल दिला," ते म्हणाले.

मी सगळं सांगितलं. बेंदूर, भरती, चावडी, शपथ. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "सांगलीत का नाही सांगितलंस?" मी उठून चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते मला घेऊन राहीबाईच्या गावी गेले. मी दारात दिसताच ती आत निघून गेली. ओसरीवर हंबीरराव आणि नाथाजी होते. मास्तरांनी बसायच्या आधीच सांगितलं, "सुभेदार, मी चुकलो. मी संघटनेला तसं लिहून देणार आहे. हाताचं नाव काढणार नाही. माझी नजर चुकली, एवढंच लिहीन."

हंबीररावांनी विचारलं, "मग तुमाला पुन्यांदा उभं करत्याल का पंच म्हनून?"

"नाही करणार."

"आनि ह्येला सोडत्याल?"

"मी लिहिलं तरी समिती हात पाहणारच. हात पाहिल्याशिवाय कुणी सोडणार नाही. ते खोटं मी सांगत नाही."

"मी जात न्हाई, मास्तर," नाथाजी म्हणाला. "तुमी बी कायतरी लिवू नगासा. झालं त्ये झालं."

"गप रं," म्हातारा म्हणाला. मग मास्तरांना म्हणाला, "मास्तर, तुमाला दिसलं ते तुमी चारचौघात बोलला. चुकीचं का असंना. मला पंधरा वर्सं दिसतंय, आनि मी बोललो न्हाई. चा घेऊन जावा."

चहा नाथाजीने आणला. राहीबाई बाहेर आली नाही.

दोन फेब्रुवारीला सकाळी नऊची वेळ होती. मैदानात जाळं लावलं होतं. समितीचे तिघे खुर्च्यांवर, त्यात मिरजेचे एक डॉक्टर. मास्तर बाजूला उभे होते; त्यांचं पत्र आदल्या दिवशीच पोचलं होतं. बातमी पसरल्यामुळे माणसं बरीच होती, नाथाजीच्या गावचीही ट्रॉली भरून आलेली. साडेनऊ झाले. पावणेदहा झाले. एक जण घड्याळ पाहून कागदावर काही लिहू लागला.

तेवढ्यात बाप-लेक आले. हंबीरराव पुढे. तोच कोट, त्याच पट्ट्या. नाथाजी मान खाली घालून मागे. म्हातारा सरळ खुर्च्यांसमोर गेला, टाचा जुळवल्या, आणि लेकाच्या उजव्या बाहीचा कफ स्वतःच्या हाताने सोडून बाही खांद्यापर्यंत गुंडाळली. एक घडी परत परत सुटत होती. कुणी मदतीला गेलं नाही.

मग तो वळला आणि परेडच्या आवाजात बोलला. समितीशी नव्हे, गावाशी.

"बगून घ्या. ह्यो हात बेंदराला मोडला. मी बसीवला हुता बैलावर. ह्याच हातापायी भरतीत नापास झाला. मी धाडला न्हाई म्हनून सांगितलं, त्ये खोटं हुतं."

ट्रॉलीजवळचा एक जण बिडी विझवून टाकताना मी पाहिला.

डॉक्टरांनी नाथाजीचं मनगट धरलं, दुसरा हात कोपराखाली ठेवला आणि ओढलं. पुन्हा ओढलं. हात एका जागी येऊन थांबे, त्यापुढे दगड. मग त्याला गोलंदाजी करायला सांगितली. समितीने मास्तरांना विचारलं, तुम्ही बाजूला उभे राहाल का? ते राहिले. नाथाजीने उघड्या हाताने बारा चेंडू टाकले. पहिले दोन-तीन कुठेही गेले, मग नीट पडू लागले. प्रत्येक चेंडूनंतर मास्तर मोठ्याने म्हणत होते, "बरोबर." बारा वेळा म्हणाले. समितीने अर्ध्या तासात लिहून दिलं, की गोलंदाजी कायद्याला धरून आहे.

पुढे काय झालं ते लिहिते.

नाथाजी त्याच हंगामाच्या शेवटी कारखान्यात कायम झाला. आणखी पाच वर्षं जिल्ह्याकडून खेळला, नेहमी अर्ध्या बाहीचा सदरा घालून. प्रेक्षक हाताबद्दल बोलायचे ते बोलायचेच, पण पंचांनी त्याला पुन्हा कधी अडवलं नाही. फिटर म्हणून २०१० साली तो निवृत्त झाला. त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मला आली होती.

हंबीररावांना गावात कुणी टोचून बोललं नाही, पण ते चावडीवर जायचे थांबले. पंधरा ऑगस्टला शाळेचा झेंडा दरवर्षी तेच चढवायचे. त्या वर्षी गावच्या शाळेच्या मास्तरांनी मुलं धाडली तर त्यांनी अंगात ताप आहे म्हणून परत पाठवली. पुढच्या वर्षी कुणी बोलवायलाच गेलं नाही. १९८१ साली ते वारले.

भाऊसो पुढे मोठे पंच झाले. एकदा सांगलीत माझ्या माहेरी चहाला आले होते. जाताना मास्तरांना म्हणाले, "खरं सांगू? मला बी त्यो हात उघडताना दिसला हुता. पर पाव्हन्यांचा मानूस, म्हनलं कशाला?"

मास्तरांचं नाव संघटनेने पंचांच्या यादीतून काढलं. स्वतःची चूक लिहून देणारा पंच कुणालाच नको असतो. त्यांनी तक्रार केली नाही. १९८९ पर्यंत चित्रकला शिकवली, रविवारी दोरीबाहेर बसून सामने पाहिले, आणि २००३ मध्ये ते गेले.

राहीबाई आपल्या शब्दाला जागली. माझ्या उंबऱ्याला तिचा पाय पुन्हा लागला नाही. झंपर दुसरीकडे शिवायला टाकू लागली. आठवडी बाजारात समोरून येताना दिसली की ती दुसऱ्या ओळीत वळायची. लेकाचं भलं झालं हे तिला दिसत होतं, पण नवरा घरात बसून राहिला हेही तिलाच रोज दिसत होतं. १९९२ साली ती गेली. मी दहाव्या दिवशी भेटायला गेले. सुनेने पाणी दिलं आणि विचारलं, "तुमी कोन?" मी म्हटलं, "मी त्यांचे कपडे शिवायची."